ऐंशी बटणं

डबा पत्र्याचा. झाकणावरचं चित्र हाताळून हाताळून पुसलेलं. आत शर्टाची पांढरी बटणं, चार भोकांची, एका मापाची, मोजून ऐंशी. मुलींच्या सॉफ्टबॉल टीमचे शर्ट मी शिवले होते, त्यातून ती उरली. कोच शर्ट न्यायला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर एकेका शर्टावरून बोट फिरवत बटणं मोजून दिली. त्यांनी शर्टांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, बाई, मोजताना तुमचे ओठ हलत नाहीत. मला असंच माणूस हवंय.

मोजायच्या होत्या पिचरच्या फेकी. पिचर म्हणजे मैदानाच्या मधोमध उभी राहून बॅटवालीकडे चेंडू टाकणारी मुलगी. ती हात खांद्यापासून अख्खा गरकन फिरवते आणि चेंडू कंबरेखालून सोडते. त्या फेकी मोजायला कोचनी आधी दोन-तीन आईबापांना बसवून पाहिलं होतं. पण चेंडू हवेत उडाला की त्यांचं मोजणंही उडून जायचं.

मी शिवणकाम करणारी. आमचे मालक वारल्यापासून भावाकडे राहते, दाराशेजारी माझं मशीन. मी स्वतःसाठी दोन खिशांचा एप्रन शिवला. मॅच सुरू व्हायच्या आधी ऐंशी बटणं डाव्या खिशात. एक फेक झाली की एक बटण उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की मी उभी राहायची. बोलायचं काही नाही, हात हलवायचा नाही, फक्त उभं राहायचं. मी उभी राहिले की पिचर बदलायची, स्कोअर काही का असेना. त्यानंतर दोन दिवस त्या मुलीने चेंडूला हात लावायचा नाही. हा कोचचा कायदा.

मुलींनी त्याची थट्टा चालवली होती. सामना रंगात आला की बाकावरच्या म्हणायच्या, "आत्या, बसा हो, बसा, पाय दुखतील." एकदा समोरच्या टीमची एक आगाऊ मुलगी म्हणाली होती की तुमची आत्या उठली की आमची बॅटिंग सुरू. मी सगळ्यांचीच आत्या झाले होते. खरी मात्र एकीचीच.

ती माझी भाची. वय तेरा. मैदानावर तिला सगळे भिंगरी म्हणायचे. हात फिरवायला लागली की कोपर कुठलं, मनगट कुठलं, कळायचं नाही, नुसतं एक वर्तुळ दिसायचं आणि त्यातून चेंडू सुटायचा. मला मशीनवर बसल्या बसल्या ओळी जुळवायची खोड आहे. पायाला पायडलची लय मिळाली की तोंडाला शब्द मिळतात. तिच्यावरही जुळवली होती.

भिंगरी गं माझी, वाऱ्याची सोयरी,
हाताच्या फेऱ्यात, दिवसाची दोरी.

तिला ती आवडायची. चेंडू सोडण्याआधी मनातल्या मनात म्हणते, असं एकदा म्हणाली होती.

टीममध्ये पिचर तीन. भिंगरी, मग घुमी, आणि तिसरी टिचकी. घुमी कुणाशी बोलायची नाही, पण तिचा चेंडू सरळ जायचा. टिचकी दहा वर्षांची, एवढीशी, तिचा चेंडू कुठे जाईल हे तिलाही ठाऊक नसायचं. कोचकडे एक वही होती. रेघा मारलेल्या, तिघींची नावं, कुणी कधी किती फेकल्या, कुणाची विश्रांती कधी. कोच दिवसा कारखान्यात लेथवर काम करायचे, वहीवर काळ्या तेलाचे अंगठे उमटलेले असायचे. त्यांना उजव्या हाताने भांग पाडता येत नव्हता, हात कानाच्या वर जायचाच नाही. डाव्याने पाडायचे, म्हणून भांग कायम तिरका. ते स्वतः पिचर होते तेव्हा त्यांच्या फेकी कुणी मोजल्या नव्हत्या. एवढंच एकदा सांगितलं, पुन्हा तो विषय काढला नाही.

माझ्या भावाला हे सगळं थोतांड वाटायचं. चेंडू वरून फेकला तर खांदा जातो, हे तो मानायचा. पण खालून? खालून फेकायचं म्हणजे पाळण्याला झोका दिल्यासारखं, म्हणायचा, त्याने कुणाचा हात दुखलाय? असं म्हणणारा तो एकटा नव्हता. मैदानाच्या कडेला उभे राहणारे निम्मे बाप हेच म्हणायचे.

त्याने घरामागच्या भिंतीला जुनी गादी टांगली होती. गादीवर खडूने चौकोन. रोज संध्याकाळी कामावरून आला की चहा पिऊन तो पाटावर बसायचा आणि भिंगरी चेंडू टाकायची. धप्प. धप्प. धप्प. मी पुढच्या दारात मशीनवर. माझं पायडल आणि तिचा चेंडू यांची लय एक व्हायची. तो भाऊ माझा, वाईट माणूस नाही. दिवसभर मान खाली घालून काम करायचा, आणि त्या एका तासात त्याची मान वर असायची.

घुमीच्या वडिलांची बदली झाली आणि ती निघून गेली. जाताना शर्ट धुऊन, घडी घालून, मला परत देऊन गेली.  तिचं नाव वहीतून खोडलं गेलं आणि तिचं ओझं दोन हातांवर आलं, त्यातला एक हात दहा वर्षांचा. कोचनी सगळ्या पालकांना बोलावलं. आता मॅचला ऐंशी, बुधवार-शुक्रवारच्या सरावात पन्नास-पन्नास, बाकी भिंगरीने घरी एकही चेंडू फेकायचा नाही. त्यांनी माझ्या भावाकडे बघून पुन्हा सांगितलं. एकही नाही. भाऊ म्हणाला, नाही म्हणजे नाही, तुम्ही सांगाल तसं.

त्या संध्याकाळी गादी तिथेच होती. धप्प. धप्प.

मी मशीन थांबवून मागे गेले. त्याला म्हटलं, तू शब्द दिलायस. तो हसून म्हणाला की हे काय मोजायचं असतं? हा आमचा बापलेकीचा खेळ. मग माझ्या एप्रनकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, तू तुझी बटणं मोज. भिंतीला बटणं नसतात."

मी परत येऊन बसले. ही माझी पहिली चूक, ती आधी सांगते. त्या घरात मी आश्रित नव्हते, वहिनीने मला तसं कधी वाटू दिलं नाही. पण भावाच्या त्या एका तासात हात घालायचा मला धीर झाला नाही. आणि असं नाही की मला आकडा माहीत नव्हता. मोजायची सवय लागलेल्या माणसाला कान बंद करता येत नाहीत. रोज शंभर व्हायचे. कधी एकशे दहा. मी कोचना सांगितलं नाही. त्यांनी मला मॅचच्या फेकी मोजायला ठेवलंय, भिंतीच्या नाही, अशी मी माझीच समजूत घातली.

वहिनी इस्पितळाच्या धुलाईत कामाला. पहाटे पाचला घर सोडायची, म्हणून भिंगरीची वेणी मी घालायचे. आधी ती स्वतः घालायची. शेवटच्या मॅचच्या तीन आठवडे आधी एके सकाळी फणी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, आज तू घाल. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं लाडात आलीय. पाचव्या दिवशी मी तिच्या उजव्या हाताला धरून तिला वळवलं, तर तिने दात आवळले.

मी विचारलं. तिने आधी काही नाही म्हटलं, मग कोपर आणि मनगटाच्या मधोमध बोट ठेवलं.

"इथे. वरून नाही दुखत, आत्या. हाडाच्या आतून दुखतं. दाढ दुखते ना, तसं."

मी म्हटलं, कोचना सांगू. ती एवढी घाबरली की फणी हातातून पडली. दोन आठवड्यांनी, रविवारी शेवटची मॅच होती. जिल्ह्याच्या टीमसाठी मुली निवडणाऱ्या बाई ती बघायला येणार होत्या. पिचर एकच घेणार होत्या. ती मॅच झाली की महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवेन, म्हणाली, पण त्या रविवारपर्यंत गप्प राहा. स्वतःच्या गळ्याची शपथ घे म्हणाली नाही, तुझ्या मशीनची घे म्हणाली. मला हसू आलं. हसणारं माणूस अर्धं कबूल झालेलं असतं.

मी वेणी घातली. तेल लावून हात चोळून दिला. वहिनीला सांगितलं नाही.

रविवारी ऊन टणटणीत होतं. निवड करणाऱ्या बाई छत्री घेऊन, मांडीवर पुठ्ठा आणि कागद घेऊन बसल्या होत्या. माझा बाक नेहमीचा, तारेच्या जाळीमागे, कोचच्या समोर. मॅच सुरू व्हायच्या आधी भाऊ भिंगरीला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेला होता, अंग गरम करायला. तिथल्या फेकींनाही बटणं नव्हती.

मॅच सात डावांची. पहिले तीन डाव ती फिरली तशी कधी फिरली नव्हती. बाई दोनदा काहीतरी लिहिताना मला दिसल्या. पाचव्या डावात मला दिसलं की चेंडू सोडल्यावर ती हात मांडीला घासतेय, पुसल्यासारखा. सहाव्यात दोन चेंडू बॅटवालीमागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून गेले. डावा खिसा हलका होत चालला. सहावा डाव संपता संपता मी खिशात हात घातला, एक बटण सापडलं, ते उजवीकडे टाकलं. ऐंशी.

आम्ही एका धावेने पुढे होतो. सातवा डाव राहिला होता.

बाकावरून उठायला काय लागतं? गुडघ्यांवर हात ठेवायचे आणि उठायचं. मी आयुष्यात लाख वेळा उठले असेन. मी गुडघ्यांवर हात ठेवलेसुद्धा.

भिंगरी मैदानात जाताना जाळीपाशी वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तिलाही माहीत होतं. ती मान किंचितशी हलवत होती, नाही, नाही. तिच्या मागे टिचकी हातमोजा घालून तयार उभी होती, चेहरा पांढराफटक. पलीकडे बाईंनी नवा कागद वर घेतला होता.

आणि कोचनी माझ्याकडे पाहिलं. मैदानाच्या त्या बाजूने त्यांनी डावा हात वर करून बोटं चाळवली. किती उरली?

मी रिकाम्या खिशात हात घातला. आत बोटं हलवली, बटणं चाळवल्यासारखी. मग हात बाहेर काढून तळवा हलवला. आहेत अजून, आहेत.

कोचनी मान डोलावली. टिचकीला हाताने खुणावलं, बस खाली.

मी बसून राहिले.

त्यानंतरच्या फेकी मी बटणांशिवाय मोजल्या. एक्क्याऐंशी, ब्याऐंशी. पहिली बॅटवाली बाद झाली. मग एक मुलगी आली, तिच्या बॅटला चेंडू लागायचा पण सरळ जायचा नाही, रेषेबाहेर जायचा, पुन्हा फेक, पुन्हा बाहेर. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. भाऊ जाळीला धरून ओरडत होता, शाब्बास, शाब्बास. ती बाद झाली. आता एकच उरली होती. त्र्याण्णवला भिंगरीने माझ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ओळी म्हणत असावी.

चौऱ्याण्णव.

हात वर गेला, मागे आला, आणि खाली येताना आवाज झाला. मोठा नाही. वाळलेली फांदी पायाखाली यावी, तेवढाच. मला तो जाळीपलीकडे ऐकू आला. चेंडू तिच्या हातातून सुटला आणि चार पावलं घरंगळून थांबला. ती ओरडली नाही. डाव्या हाताने उजवा हात धरून ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मनगटाच्या वर जिथे वाक नसतो तिथे वाक आला होता.

इस्पितळ वहिनीचंच. कुणीतरी धुलाईत निरोप दिला, ती ओल्या हातांनी धावत वर आली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला. मोडलेल्या टोकांच्या कडेला त्यांनी पेनने दाखवलं. हाड तिथे जाड झालं होतं, पांढरं. म्हणाले, हे आजचं नाही. इथे आधीपासून तडा होता, निदान तीन आठवडे. शरीर तो भरायला बघत होतं आणि तुम्ही भरू देत नव्हता.

मग त्यांनी विचारलं, आठवड्याला किती फेकते?

कोच म्हणाले, ऐंशी आणि शंभर, एकशे ऐंशीच्या वर मी जाऊ देत नाही. डॉक्टरांनी भावाकडे पाहिलं.  भाऊ म्हणाला, घरी थोडं खेळतो आम्ही. थोडं म्हणजे? आकडा मी सांगितला. रोज शंभर, आठवड्याचे सहा दिवस. भिंगरी खाटेवरून बारीक आवाजात म्हणाली की शाळेत खेळाच्या तासाला पण फेकते, चाळीस-चाळीस, तीनदा.

डॉक्टरांनी कागदावर बेरीज केली. नऊशे. प्रत्येकाकडे आपापला आकडा होता आणि प्रत्येकाचा आकडा आपापल्या जागी बरोबर होता. बेरीज मात्र पहिल्यांदाच होत होती.

कोच भिंतीला टेकले. भावाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

सगळे बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना गाठलं. विचारलं, समजा आज थोडी आधी थांबली असती तर? त्यांनी चष्मा पुसला. तडाच राहिला असता कदाचित, म्हणाले. सहा-आठ आठवडे प्लास्टर, मग विश्रांती. पुढच्या वर्षी खेळली असती. आता पट्टी आणि स्क्रू घालावे लागतील, आणि तळहात पूर्ण वळेल याची खात्री मी देणार नाही.

तळहात वळला नाही. तीन महिने झाले, व्यायाम झाले, पण तिचा उजवा तळवा अर्ध्यावर अडकतो. पाण्यासाठी ओंजळ केली की एक बाजू तिरकी राहते आणि पाणी सांडतं. जिल्ह्याच्या टीममध्ये दुसरी मुलगी गेली. भावाने गादी उतरवून कचऱ्यात टाकली आणि आता संध्याकाळी तो उशिरा घरी येतो. भिंगरी मैदानाकडे फिरकत नाही. एकदाच मला म्हणाली, मीपण मोजत होते गं, आत्या. मला माहीत होतं. ती मला धीर देत होती. तेरा वर्षांची पोर.

परवा कोच घरी आले. दारातच उभे राहून म्हणाले, टिचकी आता पिचिंग करणार, तुम्ही मोजायला या. मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून मशीनवर ठेवली. त्या रविवारी इस्पितळात जायच्या घाईत मी बटणं डब्यात ओतली होती आणि डबा त्यांच्याकडेच राहिला होता. त्यांनी त्यातली वीस बटणं काढून टाकली होती.

"चूक माझी होती, बाई. घरचं, शाळेचं माझ्या हातात नाही, पण माझी ऐंशीच जास्त होती. तुम्ही बसला होतात, म्हणजे ऐंशीसुद्धा झाली नव्हती, आणि तरी हात मोडला. आता साठ."

त्यांचे डोळे खोल गेले होते. वहीतली ती ऐंशीची रेघ त्यांनी तीन महिने रोज पाहिली असणार. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, येते.

आज सकाळी गेले. एप्रन बांधला, साठ बटणं डाव्या खिशात. टिचकी मधल्या जागेवर जाऊन उभी राहिली. शर्ट तिला घुमीचा दिला होता, गुडघ्यापर्यंत येत होता. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मी बसलेय ना हे बघायला. मी बसलेली पाहून तिला बरं वाटलं. तिने हात वर नेला.

मी उभी राहिले.

एकही बटण हललं नव्हतं. टिचकीचा हात हवेत थांबला. सगळं मैदान थांबलं. कोच धावत आले, काय झालं, बाई, बरं वाटत नाही का. मी त्यांना सांगितलं. रिकामा खिसा, हलवलेली बोटं, हलवलेला तळवा. तीन वाक्यांत झालं सगळं.

त्यांनी एवढंच विचारलं, "किती?"

"चौऱ्याण्णव."

त्यांनी तो आकडा स्वतःशी म्हटला. मग टिचकीकडे बघत राहिले, तिच्या काडीसारख्या दंडाकडे. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, त्या सातव्या डावात मी तुम्हाला विचारलं, कारण मलाही वाटत होतं झाली असतील. मग मी स्वतः का नाही मोजलं? याचं उत्तर त्यांना माझ्याकडून नको होतं. एप्रनकडे हात करून म्हणाले, तो इथे ठेवा. मी गाठ सोडली. बटणं खिशात खुळखुळली. बाकावर एप्रन ठेवला आणि निघाले.

वाटेत ओळी जुळवायचा प्रयत्न केला. पाऊल पडत होतं, शब्द येत नव्हता.

घरी वहिनीची सुट्टी होती. तिला मी यातलं अजून काहीच सांगितलं नव्हतं. ती उंबऱ्यात बसून भिंगरीची वेणी घालत होती. भिंगरीचा उजवा हात मांडीवर, तळवा अर्धा वर, अर्धा खाली, काहीतरी मागता मागता विसरल्यासारखा. माझ्या अंगावर एप्रन नाही, हे भिंगरीला आधी दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नाही, नाही.

वहिनीने वर न बघताच पाट पुढे सरकवला. "बसा की, वन्सं. उन्हातून आलात."

मी उभीच राहिले.